आईला स्वतःसाठी काही हवेसे वाटले, की कथेत मुलाला ताप का येतो?

पहाटवारा (सातारा) – प्रश्न

नमस्कार. मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते आणि गेली सहा-सात वर्षे कथा लिहिते आहे. सध्या एका कथेपाशी अडले आहे.

कथेची नायिका बेचाळीस वर्षांची असून बँकेत नोकरी करते. तिचा मुलगा दहावीत आहे. शाळेत असताना ती उत्तम धावत असे, पुढे ते सुटले ते सुटलेच. आता तिला साताऱ्यात दरवर्षी होणाऱ्या, यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा शहरात उतरणाऱ्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत धावायचे आहे. सरावाला तिच्याकडे पहाटे पाच ते सात एवढाच वेळ आहे आणि नेमका तोच वेळ घरात चहाचा, डब्याचा आणि मुलाला अभ्यासाला उठवण्याचा आहे. संघर्ष एवढाच आहे. नवरा वाईट नाही, सासू छळत नाही, पैशाची अडचण नाही.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा जमून एकमेकांचे लेखन वाचतो. तिथे मी कथेचा पहिला खर्डा वाचला, तेव्हा एका ज्येष्ठ वाचकांनी सुचवले की शर्यतीच्या आदल्या रात्री मुलाला सणकून ताप यावा, बाईने त्याच्या उशाशी बसून राहावे आणि आपले खरे स्थान कोणते हे तिला उमगावे. मी तसे लिहून पाहिले, पण वाचताना मलाच लाज वाटली. दुसऱ्या एका मैत्रिणीने, माझी बाजू घेऊनच, सुचवले की शर्यत संपते तिथे मुलगा पाण्याची बाटली घेऊन उभा असावा आणि त्याने आईला मिठी मारावी. तेही लिहिले. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले, तरी मला ते खोटे वाटते आहे. का खोटे वाटते, हे मात्र नीट सांगता येत नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय प्रश्न पूर्ण होणार नाही. माझी मुलगी नववीत असताना एका रविवारी मी आतल्या खोलीत दार लोटून लिहीत बसले होते. तिने दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा "आले" म्हटले आणि उठले नाही. एक वाक्य जमत आले होते आणि ते सुटेल अशी भीती वाटत होती. मुलीला काहीही झालेले नव्हते. तिला कंगवा सापडत नव्हता, तो नंतर तिचा तिलाच सापडला. ती ते केव्हाच विसरली असेल. मी विसरलेले नाही आणि आज इथे लिहीपर्यंत कोणाजवळ बोललेही नव्हते.

जाणत्यांना विचारते: आईपण आणि स्वतःची इच्छा यांतला ताण, कोणालाही शिक्षा न करता आणि कोणाचीही शाबासकी न मिळवता, कथेत कसा लिहावा?

जुना वाचक (सांगली)

ताई, मी निवृत्त शिक्षक आहे. कथा लिहीत नाही, पण पन्नास वर्षे वाचत आलो आहे, त्या आधारावर लिहितो.

तुम्हाला दोन्ही शेवट खोटे का वाटले, याचे कारण मला असे दिसते की ते दोन नाहीत, एकच आहेत. तापात मुलगा आईला अडवतो, पाण्याच्या बाटलीत तो तिला परवानगी देतो. बाईने पहाटे धावायला जाणे योग्य होते की नाही, याचा निवाडा दोन्हीकडे त्या मुलाच्याच हाती आहे. ज्या प्रश्नाशी बाई एकटी झुंजते आहे, तो शेवटच्या पानावर तिच्याकडून काढून पंधरा वर्षांच्या मुलाला सोपवला जातो, आणि त्यात त्या मुलावरही अन्यायच होतो.

ही सवय आपल्याला कुठून लागली याचा विचार करताना मला १९३३ हे वर्ष नेहमी आठवते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. वर्गात ते पुस्तक वाचताना माझा आवाज किती वेळा दाटून आला असेल याची गणती नाही, त्यामुळे पुढचे वाक्य मी अनादराने लिहीत नाही. ती आई आपल्याला दिसते ती मुलाच्या आठवणीतून. श्याम रात्रीमागून रात्री मित्रांना सांगतो आहे आणि आई त्याच्या बोलण्यात आहे. कर्ज, आजार, अपमान, संस्कार हे सगळे तिथे आहे. पण एखाद्या दुपारी, मुले झोपलेली असताना, त्या बाईला स्वतःला काय हवेसे वाटले असेल, हे श्यामला ठाऊक असण्याचे कारणच नाही. मूल आईकडे खालून वर पाहते, आणि त्या कोनातून आईचा चेहरा दिसतो तरी तिची नजर कुठे लागली आहे ते दिसत नाही.

त्याच १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. त्या कथा मुख्यतः शिकलेल्या, वय वाढलेल्या, अविवाहित मुलींच्या आहेत, आईंच्या नाहीत, हे मान्य. परंतु बाईची इच्छा तिथे बाईच्या तोंडून बोलली गेली आणि त्याचा परिणाम असा झाला, की कथांवर बोलण्यापेक्षा लेखिका कोण आहे याचा शोध घेण्यातच लोकांनी अधिक शक्ती खर्च केली. त्या मालतीबाई बेडेकर होत्या. आमच्या भागातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० पासून 'स्त्री' मासिक निघू लागले होते, म्हणजे असे काही वाचू इच्छिणारी बाई गावोगावी तयार होत होती. तरीही लिहिणारीला नाव झाकावे लागले. एक पुस्तक घराघरांत गेले आणि दुसऱ्याच्या लेखिकेचा पाठलाग झाला. आपली आईविषयीची कथा अजून पहिल्या पुस्तकाच्या जागेवरून सांगितली जाते.

परदेशातली एक छोटी कथा सांगतो, कारण ती तुमच्या कथेच्या फार जवळची आहे. केट शोपँ या अमेरिकन लेखिकेची 'रेशमी पायमोजे' अशा अर्थाच्या शीर्षकाची कथा १८९७ मध्ये 'व्होग' मासिकात प्रसिद्ध झाली. मिसेस सॉमर्स नावाच्या गरिबीत दिवस काढणाऱ्या बाईला अचानक पंधरा डॉलर मिळतात. मुलांना बूट, मुलींना टोप्या, सदऱ्यांना कापड असा सगळा हिशेब ती रात्री जागून मनाशी मांडते. दुसऱ्या दिवशी दुकानात काउंटरवर ठेवलेल्या रेशमी पायमोज्यांना तिचा हात लागतो. ती ते घेते, मग बूट, मग हातमोजे, मग दोन मासिके, मग उपाहारगृहात एकटीने निवांत जेवण, मग नाटकाचा दुपारचा खेळ. शेवटी ती ट्राममध्ये बसते आणि ही गाडी कुठेच थांबू नये, अशीच कायम चालत राहावी असे तिला वाटते. कथा तिथे संपते. मुले घरीच आहेत, ती कथेत एकदाही समोर येत नाहीत, त्यांना ताप येत नाही. बाई घरी जाणार आहे, पैसे संपलेले आहेत, हे आपण जाणतो आणि लेखिका त्यावर एक शब्द बोलत नाही. स्वतः शोपँ यांना सहा मुले होती आणि त्यांनी लेखन सुरू केले ते वैधव्यानंतर, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

माझी सूचना एवढीच, की कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जाते आहे ते ठरवा आणि ते डोळे एकदाही बदलू नका.

माणगंगा (म्हसवड)

सरांचे म्हणणे पटले, पण मला दुसरीकडून बोलायचे आहे. मी माण तालुक्यातली आहे आणि आरोग्य खात्यात काम करते.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाचा ट्रक येई, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असे, त्यामुळे जायचे की नाही हा प्रश्नच नसे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून आई मागे राहिली तर वडिलांना एकट्याला कामच नव्हते. मला आणि धाकट्या भावाला आजीजवळ ठेवून ती कऱ्हाडकडच्या फडावर पाच-पाच महिने कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहायची. मला एकदा खरोखरच मोठा ताप आला होता आणि ती आली नव्हती, कारण निरोप पोहोचायलाच चार दिवस गेले. याबद्दल गावातल्या एकाही माणसाने तिला कधी नाव ठेवले नाही. उलट, पोरांसाठी किती राबते, असेच सगळे म्हणत.

एका वर्षी मात्र तिने फडावर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून साठवलेले थोडे पैसे घेतले आणि परतल्यावर चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला एकटी गेली. एकटी म्हणजे घरच्यांशिवाय, शेजारगावच्या चार बायकांबरोबर. तिचा गळा चांगला होता आणि त्या बायकांबरोबर रात्रभर गाणी म्हणायला तिला आवडे. तीन दिवस राहिली. परत आली ती आवाज बसलेला घेऊन आणि हातात नव्या बांगड्या घालून. पाच महिने लेकरे टाकून गेलेली बाई कोणाला खटकली नव्हती, पण ते तीन दिवस अजून बोलले जातात. मी चाळिशी ओलांडली आहे, आई आता थकली आहे, तरी मागच्याच वर्षी एका लग्नात कोणीतरी हसत हसत तो विषय काढला.

पोटासाठी पोर सोडले तर ती माऊली, आणि मनासाठी सोडले तर कैदाशीण, असा आपला न्याय आहे. म्हणून "आईपण विरुद्ध इच्छा" असे जेव्हा लोक म्हणतात, तेव्हा मला विचारावेसे वाटते की आई मुलापासून दूर गेली याचे तुम्हाला दुःख आहे, की ती आनंदाने गेली याचे?

बाबूराव बागूल यांची 'आई' ही कथा तुम्ही वाचली नसेल तर जरूर वाचा. ती वर्गात सुरू होते. तिथे आईच्या वात्सल्याचे गोडवे चालले आहेत आणि बाकावर बसलेल्या मुलाला वस्तीतले लोक त्याच्या आईविषयी काय बोलतात ते ठाऊक आहे. विधवा, कष्टकरी, अजून तरुण असलेल्या त्या बाईला माणसाची ओढ आहे आणि मुलाचीही ओढ आहे, आणि बागूल यांनी यांपैकी एकीलाही खोटे ठरवलेले नाही. शाळेच्या पुस्तकातली आई आणि त्या पोराची आई एकाच पानावर समोरासमोर येतात. ते धाडस करायला बागूल यांना वस्तीची भाषा आणि वस्तीचा अनुभव होता.

तुमच्या नायिकेकडे पैसे आहेत, पहाटे रस्त्यावर दिवे आहेत, पायात बूट आहेत. त्यात वाईट काही नाही, पण ते कथेत दिसू द्या. ती घाट चढत असताना दुधाच्या किटल्या घेऊन खाली उतरणारी एखादी बाई तिला भेटू शकेल. तिच्याशी संवाद नको, उपदेश तर नकोच. दोघींनी एकमेकींकडे पाहिले एवढे पुरे.

फलटणकर (फलटण)

मला वेगळीच शंका आहे. ताई, तुम्ही निवडलेली इच्छा फार सुरक्षित आहे. धावण्याने तब्येत सुधारते, डॉक्टरही धावा म्हणतात, आणि शर्यतीत पदक मिळाले तर नातेवाईक अभिनंदन करतात. म्हणजे बाईच्या इच्छेला समाजाने आधीच निम्मी मान्यता दिलेली आहे. तिला एखादा माणूस आवडला असता, किंवा नुसतेच घर सोडून वर्षभर कुठेतरी राहावेसे वाटले असते, तर तुमच्या गटातल्या त्याच सहृदय मैत्रिणीने पाण्याची बाटली दिली असती का?

आमच्या फलटणजवळच्या विंचुर्णीला गौरी देशपांडे अनेक वर्षे राहिल्या. त्यांचा 'एकेक पान गळावया' हा तीन दीर्घकथांचा संग्रह १९८० साली आला. त्यांच्या नायिका सुखवस्तू आहेत, इंग्रजी शिकलेल्या आहेत, परदेशात राहून आलेल्या आहेत, हा त्यांच्यावरचा आक्षेप मला माहीत आहे आणि म्हसवडच्या ताईंनी जे लिहिले ते वाचल्यावर तो अधिकच जाणवतो. तरीही मुले असलेली बाई शरीराने आणि मनाने पूर्ण बाई असते, तिला प्रेम, मैत्री, एकांत आणि स्वतःची बुद्धी या सगळ्यांची भूक असते, हे त्यांनी कोणाची क्षमा न मागता लिहिले. आईपणाला कंटाळलेली आई त्यांच्याकडे खलनायिका ठरत नाही.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या दीर्घकथा आहेत. आई आणि इच्छा यांतला ताण वर्षानुवर्षे चालतो. तो रोज थोडा वाढतो, थोडा ओसरतो. लघुकथेला मात्र एखादा दिवस, फार तर आठवडा एवढीच जागा असते, म्हणून लेखक तो वर्षांचा ताण एका घटनेत कोंबतो आणि घटना शोधायला निघाला की हाताशी सर्वांत आधी मुलाचा ताप लागतो. तापाचे मूळ आपल्या नीतिकल्पनांत आहेच, पण ते थोडे कथेच्या आकारातही आहे. तुम्ही पन्नास-साठ पानांची दीर्घकथा लिहून पाहायला हरकत नाही.

संगम (कऱ्हाड)

फलटणकरांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पहिल्याशी नाही. प्रियकर ही इच्छा धाडसी आणि धावणे ही सुरक्षित, असे मला वाटत नाही.

डोरिस लेसिंग यांची १९६३ सालची एक कथा आहे, एकोणीस क्रमांकाच्या खोलीची. सुझन नावाच्या बाईला चार मुले, मोठे घर, बाग, चांगला पगार असलेला नवरा, सगळे काही आहे. तिला फक्त अशी एक जागा हवी आहे, जिथे तिच्याकडून कोणालाही काही नको असेल. घरात वरच्या मजल्यावर तिला एक खोली दिली जाते, तर मुले तिथेही येऊ लागतात. मग ती लंडनमधल्या एका साध्याशा हॉटेलात दिवसा काही तासांसाठी खोली घेते आणि तिथे खुर्चीत नुसती बसून राहते. नवऱ्याला संशय येतो, तो शोध घेतो, तेव्हा ती सांगते की आपला एक प्रियकर आहे. असा कोणीही नसतो. तिने खोटे सांगितले, कारण प्रियकर असणे नवऱ्याला समजू शकत होते, एकटीने गप्प बसण्याची गरज समजू शकत नव्हती. तिचा शेवट मृत्यूत होतो, आणि तो शेवट मला आजही बोचतो, कारण इच्छा बाळगलेल्या बाईला मरण देण्याची जुनी रीत तिथेही चुकलेली नाही. पण त्या खोट्या प्रियकराच्या प्रसंगाने मला बरेच काही शिकवले.

व्यभिचाराची कथा आपल्याला वाचता येते, कारण तिचे साचे तयार आहेत: पाप, पश्चात्ताप, शिक्षा किंवा बंड. पहाटे दोन तास कोणाचीही आई नसणे, या इच्छेला साचा नाही. "का जातेस?" असे विचारल्यावर तुमच्या नायिकेला देता येईल असे उत्तर नाही. ती "तब्येतीसाठी" म्हणेल आणि ते खोटे असेल. लेसिंग यांच्या सुझनचा प्रियकर आणि तुमच्या बाईची तब्येत यांचे काम एकच आहे. ते "तब्येतीसाठी" ती नवऱ्याला, सासूला, बँकेतल्या सहकाऱ्यांना किती वेळा सांगते, आणि सांगताना तिच्या आवाजात काय होते, हे मला कथेत वाचायला आवडेल.

आणि ताई, ज्या कथेसाठी तुम्ही घाट चढत आहात, ती तुमच्या प्रश्नातच लिहिलेली आहे. कंगवा न सापडलेल्या मुलीची हाक आणि न उठलेली आई. काहीही झाले नाही, कोणी आजारी पडले नाही, कोणी रागावले नाही, आणि तरी ते इतकी वर्षे मनात राहिले. मला वाटते, आईपणाचा हा ताण बहुतेक वेळा असाच असतो. बाहेर काही घडत नाही. खटला आत चालतो, आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकच बाई असते, आणि त्या खटल्याची तारीख कधी संपत नाही.

पहाटवारा (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळी उत्तरे पुन्हा वाचली आणि दोन्ही शेवट काढून टाकले.

सर, कथा तृतीयपुरुषी होती आणि मधल्या दोन परिच्छेदांत मी नकळत मुलाच्या मनात शिरले होते. आईचे अंथरूण रिकामे पाहून त्याला काय वाटते, हे मी लिहिले होते. आता ते नाही. तो झोपलेला आहे आणि दाराची कडी वाजू नये म्हणून आई ती बोटाने धरून हळूच सोडते, एवढेच राहिले आहे.

फलटणकर, दीर्घकथेचा विचार मी करीन, पण या वेळी नाही. शर्यतच कथेतून काढावी असे मनात आले आहे. केवळ सरावाची एक पहाट ठेवते, ऑक्टोबरमधली. शर्यत गेली की पदकाचा प्रश्नही जातो आणि संगम यांनी म्हटलेले "तब्येतीसाठी" पुढे येते. ती यवतेश्वरच्या वळणावर थांबते, खाली साताऱ्याचे दिवे अजून विझलेले नाहीत, अजिंक्यताऱ्याची कड नुकती दिसू लागली आहे, आणि तिच्या ध्यानात येते की गेल्या अर्ध्या तासात मुलाचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही. याची तिला भीती वाटावी की हलके वाटावे, हे मी अजून ठरवलेले नाही. बहुधा दोन्ही वाटेल.

दूध घेऊन उतरणारी बाई मी घेतली आहे. कंगवा मात्र या कथेत येणार नाही. त्याची कथा निराळी होईल आणि ती लिहिण्याआधी मला मुलीशी बोलावे लागेल. नवा खर्डा रविवारपर्यंत इथे ठेवते.

माणगंगा (म्हसवड)

जरूर ठेवा, वाट पाहते. एक मात्र विसरू नका. त्या पहाटे डबा कोणी केला, ते कथेत आले पाहिजे. रात्रीच भाजी चिरून, कणीक भिजवून ती झोपली असेल तर तसे लिहा, नवऱ्याने केला असेल तर तसे लिहा, आणि मुलगा त्या दिवशी शाळेबाहेर वडापाव खाऊन गेला असेल तर तेही तसेच लिहा.